दुर्बिणीला भंडाऱ्याचा पत्ता

स्वयंचलित दुर्बिणीची पहिली अट अशी, की ती चालवणाऱ्याला आकाश आधीच ठाऊक असावं. ही अट खोक्यावर छापलेली नसते. खोक्यावर लिहिलेलं असतं, की हजारो तारे, तेजोमेघ आणि दीर्घिका हिच्या पोटात आहेत. तुम्ही फक्त बटण दाबा, ती आपणहून वळेल आणि दाखवेल. ती वळते, यात खोटं काही नाही. मोटर घरघरते, नळी मोठ्या ऐटीत फिरते, थांबते, बीप वाजतो आणि रिमोटच्या पडद्यावर ‘शनी’ अशी अक्षरं उमटतात. डोळा लावावा तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण.

भंडाऱ्याला खात रोडवर आमची ताई राहते. भाऊजी विज्ञानाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून वर्ग गच्चीवर भरतो, एवढाच फरक. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून येताना ही दुर्बीण आणली, रिमोट भाऊजींच्या हातात ठेवला, ‘काका, सगळं ऑटोमॅटिक आहे’ म्हणाला आणि परत गेला. ‘सगळं ऑटोमॅटिक आहे’ म्हणणारी माणसं नेहमी विमानतळाच्या वाटेवर असतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

आता मुळात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुर्बिणीला दिसत नाही. दिसतं ते आपल्याला. तिच्या रिमोटमध्ये ताऱ्यांची यादी असते आणि दोन मोटरी किती फिरल्या याचा हिशोब असतो. बाकीचा सगळा कारभार विश्वासावर. आपण तिला सांगायचं, की बाई, तू अमुक गावी उभी आहेस, आज ही तारीख, आत्ता इतके वाजलेत. त्यावरून ती गणित करते, ‘म्हणजे रोहिणी त्या बाजूला असणार’ असं ठरवते आणि तिकडे तोंड करते. आपण बाणांच्या बटणांनी तो तारा नेमका मधोमध आणायचा आणि ‘हीच रोहिणी’ अशी साक्ष द्यायची. मग दुसरा तारा, दुसरी साक्ष. आकाशात त्या दोन ताऱ्यांमध्ये किती अंशांचं अंतर आहे ते तिला पाठ असतं, आणि मोटरी किती फिरल्या तेही ठाऊक असतं. दोन्ही आकडे जुळले तर जमलं. नाही जुळले तर पडद्यावर ‘अलाइनमेंट फेल्ड’. साक्षीदार खोटं बोलला असं ती म्हणत नाही, ही तिची सभ्यता.

आणि साक्षीदार भंडाऱ्यात भरपूर. गच्चीवर दुर्बीण लागली ही बातमी खात रोडला कळायला व्हॉट्सअॅप लागत नाही.

पहिला प्रश्न पत्त्याचा. अमेरिकेतून आलेली दुर्बीण आपण अमेरिकेतच आहोत असं धरून चालते. भाऊजींनी मोबाइलवरून रेखांश-अक्षांश काढले: ७९ अंश ३९ मिनिटं, २१ अंश १० मिनिटं. आकडे अगदी बरोबर टाकले. आकड्यांच्या शेजारी एक चिमुकलं अक्षर होतं, ते मात्र कुणी पाहिलं नाही. ते अक्षर पश्चिमेचं होतं. आता ७९ अंश ३९ मिनिटं पश्चिम आणि २१ अंश १० मिनिटं उत्तर ही जागा कुठे येते ते नकाशात पाहा. क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यालगत, समुद्रात. भाऊजी गच्चीवर ताईने दिलेला चहा पीत होते आणि दुर्बीण कॅरेबियन समुद्रात उभी होती.

ही २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. ७ तारखेला गुरू प्रतियुतीत आला होता, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवायचा आणि रात्री आठपर्यंत पूर्वेला चांगला वर चढलेला असायचा. गल्लीतल्या लहान पोराला दिसेल असा झगझगीत. भाऊजींनी रिमोटवर ‘गुरू’ निवडला. रिमोट म्हणाला, वस्तू क्षितिजाखाली आहे. त्याचं चुकलं नव्हतं. भंडाऱ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा क्युबाजवळ सकाळचे नऊ झालेले असतात, तिथे गुरू मावळून गेलेला असतो. उलट, जुळवणीसाठी आधी स्वातीचा तारा घ्या, तो डोक्यावरच आहे, असा रिमोटचा आग्रह होता. स्वाती त्या दिवसांत भंडाऱ्यात पहाटे तीनच्या सुमारास उगवते. ‘हे कंपनीचं सॉफ्टवेअर बोगस आहे,’ शेजारचे काका म्हणाले. ते स्टेट बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे सॉफ्टवेअरविषयी त्यांची मतं कडक आहेत.

अक्षांश-रेखांशांची कटकट नको असेल तर शहरांची यादी असते, त्यातून जवळचं शहर निवडता येतं. इथे भंडारेकराच्या मनाला लागेल असं काहीतरी घडतं. यादीत भंडारा नसतो. नागपूर टाकलं तरी फारसं बिघडत नाही. दोन्ही गावांच्या रेखांशांत अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक आहे, म्हणजे आकाशात चंद्राच्या रुंदीएवढा. तेवढी चूक तारा मधोमध आणताना निघून जाते. पण कुणी मुंबई टाकली, तर जवळजवळ सात अंशांचा फरक पडतो आणि दाखवायचं ते सोडून दुर्बीण भलतीकडेच पाहत राहते. मुंबईत बसून विदर्भाकडे पाहिलं की काय होतं, हे आम्हाला सांगायला दुर्बीण लागत नव्हती. पण आता अंशांत मोजलेला पुरावा हाती आला.

भाऊजींना नागपूर टाकणं मंजूर नव्हतं. ‘एकदा नागपूर लिहिलं की कायमचं नागपूरच राहते,’ असं ते म्हणाले. त्यांच्या मुलाची नागपुरातली नोकरी पाहता त्यात तथ्य आहे.

जमिनीवरच्या एका ठिकाणाचा नेमका पत्ता सांगणं आज फुकटात होतं, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. या पत्त्यापायी विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रजाने सारं आयुष्य घालवलं आणि तो मेलाही आपल्याच मुलखात. १८०२ साली मद्रासहून त्याने हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. जमिनीवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत कोन मोजत जायचं आणि मधूनमधून ताऱ्यांचे वेध घेऊन आपण कुठे आहोत ते पडताळायचं, अशी त्याची रीत. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा अंत झाला. कबर तिथेच आहे. त्याच्या थिओडोलाइट यंत्राचं वजन अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून वाकलं. लॅम्टन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावू शकत नव्हता. तो यंत्र घेऊन तंबूत बसला आणि सहा आठवड्यांनी ते सरळ करूनच बाहेर आला. भाऊजींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, ‘त्या सहा आठवड्यांत त्याच्या तंबूत शेजारचे किती जण होते?’

पूर्व-पश्चिम सुधारल्यावर तारखेने घात केला. रिमोट आधी महिना मागतो, मग दिवस. आपण आधी दिवस लिहितो. भाऊजींनी ७ डिसेंबर लिहिला, रिमोटने १२ जुलै वाचला. म्हणजे यंत्राच्या लेखी आषाढ चालू होता. आषाढात भंडाऱ्यावर इतकं निरभ्र आकाश कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. ते ज्येष्ठा आणि अभिजित शोधायला निघालं. या चुकीतली मेख अशी, की ती दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच होते. तेरावा महिना नसल्याने १३ तारखेपासून रिमोट चूक मान्य करत नाही आणि तक्रार करतो. त्यामुळे ज्यांची दुर्बीण महिन्याच्या सुरुवातीला बिघडते आणि उत्तरार्धात आपोआप सुधारते, त्यांनी अंगारा-धुपारा करू नये, तारीख उलटी लिहून पाहावी.

मग वेळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे घड्याळातली चूक थेट आकाशात उतरते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. साहेबांच्या जगात पूर्ण तासांची सवय, म्हणून पुष्कळ जण नुसते पाच लिहून मोकळे होतात. त्या अर्ध्या तासाने साडेसात अंश हुकतात. नेहमीच्या आयपीसमधून आकाशाचा जेमतेम एक अंश दिसतो, हे लक्षात घेतलं की साडेसात अंश म्हणजे किती ते कळेल.

यापुढचा प्रश्न आणखी गमतीचा. रिमोट विचारतो, ‘डेलाइट सेव्हिंग? हो की नाही?’ ताईने खालून ओरडून सांगितलं, ‘हो म्हणा, बचत झालेली बरी. मागचं बिल पाह्यलं ना?’ तिचं संसाराच्या दृष्टीने बरोबर होतं. पण उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची ही रीत आपल्याकडे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ दरम्यान, सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती. ‘हो’ म्हटलं की १५ अंश गेले.

वेळ नेमकी किती, यावर तर गच्चीवर परिसंवाद झाला. ताईच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, कारण सगळ्यांना वेळेवर उठवायचं असतं. त्या घड्याळावर दुर्बीण लावली तर अडीच अंशांचा फरक, म्हणजे पाच चंद्र एकाला एक लावून ठेवावेत एवढा. समोरच्या घरातले एक आजोबा पंचांगाचे जाणकार. त्यांचं म्हणणं, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, भंडारा त्याच्या पश्चिमेला, तेव्हा ११ मिनिटं वजा केलीच पाहिजेत. हिशोब पक्का आहे, ११ मिनिटंच येतात. पण ती वजाबाकी रेखांशावरून यंत्र स्वतःच करतं. आपणही केली तर दोनदा होते. आजोबांना हे पटलं नाही. ‘यंत्राला काय कळते पंचांगातलं?’ असं म्हणून ते खाली गेले आणि त्या दिवसापासून दुर्बिणीचा प्रत्येक अपयशाचा दिवस ते ११ मिनिटांच्या खात्यावर मांडतात.

सपाटीचं प्रकरण आमच्या मिस्त्रीने सोडवलं, म्हणजे वाढवलं. दुर्बिणीच्या तिपाईवर पाण्याच्या बुडबुड्याची छोटी पाणसळ असते. बुडबुडा मधोमध हवा. भाऊजी एक पाय वर करत, दुसरा खाली करत, आणि बुडबुडा कायम गांधी चौकाच्या दिशेने पळत असे. मिस्त्री जिन्यावरून आला, पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, स्लॅब सपाट असते का कधी? पानी कुठून जाईन?’ गच्चीला ढाळ त्यानेच दिलेला होता, त्यामुळे त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मग तो घरी जाऊन ओळंबा आणि पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आला. तिपाईच्या तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे गेले. बुडबुडा मधोमध आला. तेवढ्यात गल्लीतली पोरं धावत गेली आणि फरशीचा एक तुकडा सरकला.

खरं सांगायचं तर सपाटीचं एवढं स्तोम माजवायचं कारण नाही. तिपाई थोडी कलली असली तरी दोन तारे नीट दिले की यंत्र तो कल हिशोबात धरून घेतं. कल नडतो तो पहिल्या ताऱ्याकडे जाताना. दुर्बीण जरा बाजूला थांबते, आपण हाताने ओढून आणायची. पण हे मिस्त्रीला सांगण्याची कुणाची छाती झाली नाही.

यापेक्षा फाइंडरकडे लक्ष दिलेलं बरं. मोठ्या नळीच्या पाठीवर लाल ठिपक्याचा छोटा फाइंडर असतो. ठिपका ताऱ्यावर ठेवला की तारा मोठ्या नळीतही दिसला पाहिजे, म्हणून दोघांची तोंडं आधी एका दिशेला करावी लागतात. ते दिवसाउजेडी करायचं, लांबचं काहीतरी नेमून. मोबाइल टॉवरचं टोक चांगलं. यात दोन धोके. एक, चुकून नळी सूर्याकडे गेली तर डोळा कायमचा जातो, तेव्हा पोरांच्या हाती रिमोट देऊ नये. दुसरा, भरदुपारी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या घरांच्या दिशेने दुर्बीण लावून बसलेला निवृत्त शिक्षक, हे दृश्य मोहल्ल्याला समजावून सांगणं कठीण. समोरच्या काकूंनी दोरीवरचे कपडे काढून घेतले. ताईने भाऊजींना खाली बोलावलं. फाइंडर त्या दिवशी जुळला नाही.

आता ताऱ्यांकडे येऊ. खरी साक्ष इथे लागते.

‘ध्रुव दाखवा’ ही भंडाऱ्याच्या गच्चीवरची सर्वात मोठी मागणी. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असला पाहिजे, असं सर्वांनी आधीच ठरवलेलं असतं. त्या दिवसांत पश्चिमेला शुक्र होता, तर बहुमत शुक्राला. काही मतं गुरूला. ध्रुव बिचारा उत्तरेला, क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर, कारण भंडाऱ्याचा अक्षांशच तेवढा. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की झाला. तेजाने दुसऱ्या प्रतीचा, त्यात शेजाऱ्यांची टाकी आड आलेली. अढळपदाचं म्हणाल तर तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्त दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती एक छोटी प्रदक्षिणा घालतो. विषुववृत्तीय प्रकारच्या जोडणीला ध्रुव लागतोच. भाऊजींची दुर्बीण साध्या वर-खाली आणि डावी-उजवी फिरणाऱ्या प्रकारची, तिला तो लागत नाही. तरी ध्रुव न दाखवता दुर्बीण सुरू केली हे दोन-तीन आजींना रुचलं नाही. लग्नात भटजी भरदिवसा मांडवाखाली ध्रुव दाखवतात आणि नवरा-नवरी ‘दिसला’ म्हणतात. मग एवढी महागाची दुर्बीण असून?

होकायंत्राने उत्तर काढायचा प्रयत्न मोबाइलवर झाला. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, ही निसर्गाची मेहेरबानी. पण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या, टाकीखाली लोखंडी घोडा, आणि मोबाइलला चुंबकाचं कव्हर. भाऊजी हवेत आठचा आकडा काढत गच्चीभर फिरले. खालून रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने हात जोडून नमस्कार केला.

मग रोहिणी. रोहिणी लालसर, वृषभ राशीत, ओळखायला सोपी. पण त्या हिवाळ्यात गुरू तिच्यापासून जेमतेम सात अंशांवर येऊन बसला होता आणि तिच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी. रिमोटने रोहिणी मागितली, नळी त्या बाजूला वळली, स्टेट बँकवाले काका म्हणाले, ‘तो काय समोर, चमकून राह्यला! दाबा.’ भाऊजींनी दाबलं. दुसरा तारा ब्रह्महृदय, तो बरोबर लागला. पण रोहिणी ते ब्रह्महृदय हे अंतर सुमारे ३१ अंश आहे, आणि गुरू ते ब्रह्महृदय तेव्हा २४ होतं. ‘अलाइनमेंट फेल्ड.’ काका म्हणाले, ‘पाह्य, मी म्हणतच होतो, बोगस आहे.’

पुनर्वसूचं दुखणं वेगळं. तिथे दोन तारे शेजारी शेजारी, साडेचार अंशांवर, दिसायलाही साधारण सारखे. रिमोट त्यातला एक मागतो. भाऊजी म्हणायचे, दोन्ही पुनर्वसूच ना? नक्षत्र एक असलं तरी यंत्र सरसकट मान्य करत नाही. आणि एकदा तर चक्क मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा आर्द्रा म्हणून मधोमध आणला गेला. ती आर्द्रा तासाभराने तसूभरही हलली नव्हती. ‘बघा, आमची आर्द्रा किती स्थिर,’ असं भाऊजींनी अभिमानाने सांगितलं होतं.

यंत्रशास्त्रातलं एक रहस्य मात्र आमच्या गल्लीतल्या ट्रॅक्टर मेकॅनिकने एका मिनिटात सांगितलं. तारा मधोमध आणताना भाऊजी डावीकडे नेत, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पडद्यावर सगळं ठीक, आणि पुढच्या ताऱ्याला गेलं की थोडं हुकलेलं. मेकॅनिक म्हणाला, ‘सर, गिअरले प्ले आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगले असते तसा. एकाच बाजूनं आणा.’ हेच माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे: शेवटचा दाब नेहमी त्याच दोन बटणांनी द्यायचा, वर आणि उजवीकडे, म्हणजे दातांमधला ढिलेपणा प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहतो. पुस्तक कुणी वाचलं नव्हतं. मेकॅनिकनेही नाही.

बॅटरीचं दुखणं बाकीच्या सगळ्या दुखण्यांचं सोंग घेतं. छोट्या सेलवर मोटरी चालतात खऱ्या, पण सेल उतरत आले की दुर्बीण अर्ध्या वाटेत थांबते, भलतीकडे सुसाट फिरते किंवा रिमोट बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाला की तारीख, वेळ, पत्ता सगळं विसरलेला असतो. बऱ्याच रिमोटमध्ये घड्याळ चालू ठेवायची सोयच नसते. मग पुन्हा महिना आधी की दिवस आधी. मेकॅनिकने मोटरसायकलची बारा व्होल्टची बॅटरी जोडून दिली आणि त्या रात्रीपासून दुर्बिणीचे निम्मे आजार गेले. तोपर्यंत मात्र तारीख, सपाटी, पंचांग आणि कंपनी या सगळ्यांना दोष देऊन झाला होता. माझ्या मते जुळवणी बिघडली की आधी सेल बदलावेत आणि मग माणसं.

गावात दिवे फार म्हणून एकदा कोक्याच्या जंगलाकडे एका ओळखीच्यांच्या शेतात दुर्बीण नेली. धान निघालेलं, बांधीत लाखोळी उगवलेली. मालक म्हणाले, ‘पाय ठेवा जी, पण लाखोळी सांभाळून.’ आकाश असं, की मिस्त्रीसुद्धा गप्प झाला. जुळवणी पहिल्याच फेरीत झाली. तासाभराने सगळं हुकायला लागलं. कारण साधं: बांधीची माती मऊ, तिपाईचे पाय हळूहळू खाली जात होते. त्यात तलावाकडून दव आलं आणि पुढच्या काचेवर बसलं. तारे आधी फुगले, मग दिसेनासे झाले. भाचीने केस वाळवायचं यंत्र आणलं होतं. ते लावायला शेतात वीज नव्हती. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आला, तेव्हा यंत्रांसाठी पक्के ओटे बांधले होते. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ते अजून दाखवतात. ते पाहून पूर्वी उगाच वाटायचं, एवढा थाट कशाला. बांधीत तिपाई रुतली की कळतं.

त्या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ‘मृग लागते तवा मृग दाखवता का? जूनमंदी?’ दाखवता येत नाही. शेतीचा मृग म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येणं, ७-८ जूनच्या सुमारास; आणि सूर्यच त्यात बसला म्हटल्यावर ते नक्षत्र त्याच्याबरोबर दिवसाच आकाशात असतं. मृगात मृग दिसत नाही. पेरणीची नक्षत्रं पेरणीच्या वेळी न पाहता पिढ्यान्पिढ्या शेती चाललेली आहे, तीही बरीचशी अचूक. दुर्बिणीला एवढा विश्वास आपल्यावर ठेवता आला असता तर?

कोजागरीला मात्र दुर्बिणीची कसोटी लागते. दूध उकळतंय, गच्चीवर पन्नास माणसं, चंद्र डोक्यावर येऊ घातलेला. प्रत्येक जण डोळा लावताना नळीला धरतो, कारण डोळा लावताना काहीतरी धरायची माणसाला सवय आहे. लहान मुलांना उचलून दाखवलं जातं, ती आयपीसच धरतात. तिसऱ्या माणसानंतर जुळवणी पार निघून जाते, पण चंद्र एवढा मोठा आणि एवढा उजेड, की कुणाला पत्ता लागत नाही. रांगेत आयपीसला डोळा लावून ‘दिसलं, दिसलं’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना फक्त स्वतःच्या पापण्यांचे केस दिसलेले असतात. लग्नातल्या ध्रुवाचा सराव इथे कामी येतो.

आता कॅमेरा लावलेली यंत्रं आली आहेत. ती स्वतःच आकाशाचे फोटो काढतात, ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे रोखलेलो आहोत ते ओळखतात आणि माणसाला साक्षीला बोलावतच नाहीत. पुतण्याने पुढच्या वेळी ते आणतो असं कळवलंय. भाऊजी म्हणाले, आण, पण कडुलिंबाच्या झाडाचं आणि टाकीचं काय करशील? ताऱ्यांच्या जागी फांद्या दिसल्या तर ते यंत्रही अडतंच. मला वाटतं त्यांना मनातून ते नकोच आहे. यंत्राने साक्ष मागायची बंद केली तर मिस्त्री, मेकॅनिक, काका आणि पंचांगवाले आजोबा गच्चीवर कशाला येतील?

तेव्हा ज्यांच्याकडे अशी दुर्बीण आहे आणि जे भंडाऱ्यात राहतात, त्यांनी एवढं कागदावर लिहून रिमोटला चिकटवून ठेवावं: ७९ अंश ३९ मिनिटं पूर्व, २१ अंश १० मिनिटं उत्तर, वेळ अधिक साडेपाच, डेलाइट सेव्हिंग नाही, महिना आधी, दिवस नंतर, सेल नवे. दोन तारे ग्रह नसलेले निवडावेत, एकमेकांपासून लांब, फार खाली नाहीत आणि थेट डोक्यावर नाहीत. आणि कुणी सल्ला द्यायला वर आलंच, तर त्यांना बसायला खुर्ची द्या, चहा द्या. फक्त ती खुर्ची तिपाईपासून दोन हात लांब असू द्या.